चित्रांना पाट्या, इमारतीला का नाही?

महोदय,

जुन्या वास्तूंमध्ये थाटलेल्या प्रादेशिक कलासंग्रहालयांवरचा आपल्या पुरवणीतला लेख आवडला. कोणत्या दालनात कोणाचं काम आहे, काय चुकवू नये, हे त्यात नेमकं सांगितलं होतं. पण ज्या भिंतींवर ती चित्रं टांगली आहेत, त्यांची बोळवण मात्र ‘देखणी जुनी वास्तू’ एवढ्यावर झाली. लेखकाला दोष देत नाही. संग्रहालयंच तसं करतात. चित्रकाराचं नाव, माध्यम, साल, नोंदणी क्रमांक, सगळं पाटीवर असतं. आपण उभे आहोत ती खोली मुळात कशाची होती, याचा मात्र कुठे पत्ता नसतो.

परवा अशाच एका संग्रहालयात शिल्पांचं दालन पाहत होतो. एका संगमरवरी पुतळ्याच्या चौथऱ्याखाली, एकाच बाजूने, लाकडी पाचर सरकवलेली दिसली. शेजारच्या चौथऱ्याखालीही तशीच, त्याच बाजूला. मी वाकून बघतोय म्हटल्यावर रक्षक आला. आता हा दटावणार, असं वाटलं. तर तो म्हणाला, “फरशीला उतार आहे साहेब. इथं घोडे बांधायचे. धुतलं की पाणी त्या कडेला जायचं.” मग त्याने दाराआडची एक लोखंडी कडी दाखवली. खालच्या बाजूने ती घासून निम्मी झाली होती. दालनातल्या खिडक्या डोक्याच्याही वर का, ते तेव्हा उमगलं. गंमत म्हणजे शिल्पाला असाच वरून तिरपा पडणारा उजेड लागतो. सपाट, समोरून आलेल्या उजेडात दगडाचे उंचसखल भाग मरून जातात. पागा बांधणाऱ्याने हे काही मनात धरलं नसणार! पण यातलं एक अक्षरही त्या दालनात लिहिलेलं नव्हतं.

सिसिलीच्या प्रादेशिक कलादालनाचं उदाहरण इथे आठवतं. पालेर्मो शहरातल्या पंधराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या पलाझ्झो आबातेल्लिस या वाड्यात ते आहे. पुढे या वाड्यात ख्रिस्ती जोगिणींचा मठ होता. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यात त्याची पडझड झाली. १९५३-५४ मध्ये कार्लो स्कार्पा या वास्तुकाराने तिथली मांडणी केली. ‘मृत्यूचा विजय’ हे सुमारे सहा मीटर उंचीचं भित्तिचित्र तिथे खालून समोर उभं राहून पाहता येतं आणि वरच्या मजल्यावरून वाकूनही. वाड्याचे दोन मजले त्या एका चित्रासाठी कामाला लावले आहेत! वास्तू आणि कलाकृती एकमेकींशी बोलतात, असं आपण सहज लिहून टाकतो. तिथे ते एका माणसाने बसून ठरवलेलं आहे.

इतर ठिकाणी तर नावातच सगळं आहे. फ्लॉरेन्सच्या ‘उफ्फीझी’ या कलासंग्रहालयाच्या नावाचा अर्थ कचेऱ्या. १५६० मध्ये वझारी या वास्तुकाराने ती इमारत सरकारी कारभारासाठी बांधायला घेतली. कलेचा संग्रह पुढे तिच्या वरच्या मजल्यावर आला. पॅरिसचं ओर्से संग्रहालय हे १९०० सालचं रेल्वे स्थानक. गाड्या लांब झाल्या, फलाट अपुरे पडले आणि १९३९ पासून लांब पल्ल्याच्या गाड्या तिथे येईनाशा झाल्या. १९८६ मध्ये संग्रहालय उघडलं, पण स्थानकाचं भलंमोठं घड्याळ जागच्या जागी आहे. ते पाहिल्यावर तिथलं छत एवढं उंच कशाला, असं कोणी विचारत नाही.

लहान संग्रहालयांना पैशाची अडचण असते, हे मान्य. ती दालनांच्या खिडक्या बंद करून टाकतात, त्यामागेही कारण आहे. जलरंगातल्या चित्रांवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड नको आणि तैलचित्रांवर २०० पेक्षा, असा संकेत आहे. उडालेला रंग परत येत नाही. पण म्हणून सगळ्या खिडक्यांवर प्लायवूड ठोकून खोलीचा खोका करायचा? जाड पडदा किंवा अतिनील किरण अडवणारी फिल्म लावून निदान एक खिडकी तरी दिसू द्यावी. भिंतींचंही तेच. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो. त्याच्यावर सिमेंट किंवा ऑइलपेंट चढवला की ओल आत कोंडते, पोपडे सुटतात, लोणा लागतो आणि त्याच भिंतीवर चित्र टांगलेलं असतं. (बसायला बाक नसतात, हे माझ्या गुडघ्यांचं वेगळं गाऱ्हाणं.)

मागणी मोठी नाही. प्रत्येक दालनाच्या दाराशी एक लहान पाटी हवी: ही खोली कशाची होती, केव्हाची आहे, तिच्यात काय बदललं. मजकूर कुठून आणायचा, ही सबब चालणार नाही. त्या रक्षकाला शेजारी बसवून लिहायला घेतलं, तरी निम्म्या पाट्या एका दुपारी तयार होतील.

– एक वाचक