टमालेहून आईला

टमाले, उत्तर घाना
जून महिना

प्रिय आई,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "तिकडे नेमकं करतोस तरी काय?" आवाज तुटत होता, म्हणून आज सविस्तर लिहितो.

इथल्या माळरानावर शियाची झाडं आहेत, आपसूक उगवलेली. पहिलं फळ धरायलाच 15-20 वर्षं लागतात. सध्या फळं गळायचा हंगाम आहे, बायका ती वेचायला उजाडायच्या आत निघतात. बिया उकडायच्या, वाळवायच्या, फोडायच्या, भाजायच्या, दळायच्या. मग तो काळपट लगदा पाणी घालून हातांनी फेटत राहायचा, पांढरं तेल वर येईपर्यंत. तू रातांब्याच्या बियांचं भिरंडेल काढतेस त्याच जातीचं काम, पण दिवसभराचं. युरोपात चॉकलेटमध्ये कोकोच्या तेलाखेरीज 5 टक्क्यांपर्यंत दुसरी वनस्पतितेलं चालतात. अशी सहाच तेलं आहेत आणि त्यांत शियाही आहे, आपलं कोकमही!

पण इथला बराच माल कच्च्या बियांच्या रूपातच बाहेर जातो. तेल काढण्याचे पैसे परक्या कारखान्याला मिळतात. माझं काम बायकांच्या गटांचं तेल थेट परदेशी विकलं जावं यासाठीचं. त्यात गिऱ्हाईक शोधणं मला सर्वांत अवघड वाटत नाही. खरी अडचण जूनचीच आहे. घरातला गेल्या वर्षीचा मका संपलेला, नवं पीक अजून लांब, मग येईल त्या भावाने बिया व्यापाऱ्याला द्याव्या लागतात. पुढे भाव चढतो, तेव्हा यांच्याकडे माल नसतो. म्हणून गटांना हंगामाच्या तोंडावरच उचल मिळावी यासाठी मी धडपडतोय. ती हातात असली की बाई "नाही" म्हणू शकते. हे मी तिच्या तोंडावर पाहिलंय, आई.

बाकी चिकाटीचं काम. बिया वेळेत उकडल्या नाहीत तर तेलाची आम्लता वाढते आणि माल नाकारला जातो. म्हणून प्रत्येक पोत्यावर गाव आणि उकडल्याची तारीख लिहायची सवय लावतोय. एका गटाच्या तेलाने कंटेनर भरत नाही, तेव्हा शेजारच्या गटांशी बोलणी चालू आहेत. टेमा बंदर इथून 600 किलोमीटरच्या आसपास, अर्धा कंटेनर पाठवणं परवडत नाही.

यंदा रातांब्याला काय भाव मिळाला ते बाबांना विचारून कळव. आणि बिया कुणाला फेकू देऊ नकोस.

तुझा लेक