रविवारच्या ‘कोर्ट’बद्दल, सगळ्यांनी नीट वाचा

मंडळी, येत्या रविवारी दुपारी ४ वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ (२०१४) बघायचा आहे, पिक्चर ११६ मिनिटांचा आहे आणि नंतर तासभर गप्पा, त्यामुळे सातपर्यंतचा वेळ मोकळा ठेवा.

- ४ म्हणजे ४. सुरुवातीलाच लोकशाहीर नारायण कांबळेंना स्टेजवर गाताना अटक होते, ते चुकलं तर पुढचं अर्धं समजत नाही
- मोबाईल सायलेंट नको, बंदच करा. कॅमेरा एका जागी थांबून राहतो, शांतपणे बघितला तरच मजा आहे
- प्रत्येकाने एक जुना आणि एक नवा पिक्चर सुचवायचा, का आवडला ते दोन वाक्यात सांगायचं, ‘भारी आहे’ एवढंच चालणार नाही

गीतांजली कुलकर्णीची सरकारी वकील कोर्टातून सुटून घरी जाऊन स्वयंपाकाला लागते तो भाग नक्की लक्ष देऊन बघा, मला तर तिथेच पूर्ण पिक्चर दिसतो.

माझ्याकडून जुना ‘श्यामची आई’, अत्र्यांचा, १९५३ चा. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला सिनेमा आपल्यातल्या निम्म्यांनी अजून बघितलेला नाही, हे मला खरंच खटकतं.

कोण येतंय ते शुक्रवार रात्रीपर्यंत कळवा, खुर्च्या आणि चहाचं सांगायचंय.