कोराडीचे नवे संच कोणाच्या बिलावर?

संपादक साहेब,
नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्रात ६६० मेगावॅटचे कोळशावर चालणारे तीन वीजनिर्मिती संच आधीच आहेत आणि त्याच मापाचे अजून दोन आणायचं घाटतंय. कोळशाचा संच म्हणजे काय मोबाइल नाही दोन वर्षांनी बदलायला, एकदा उभा राहिला की साधारण २५ वर्षांचा करार, वीज घ्या नाहीतर नका घेऊ, स्थिर आकार (संच उभारल्याचा ठरलेला खर्च) भरायचाच, आणि तो येतो आपल्याच बिलात. तो पैसा तसाही जाणारच म्हटल्यावर पुढे हिशोब फक्त कोळशाच्या भावाचा होतो, मग नवीन सोलार, बॅटरी सगळंच महाग दिसायला लागतं! राखेचं तर बोलूच नका, २०२२च्या पावसाळ्यात कोराडीची राख साठवायचा खसाळ्याचा बंधारा फुटला तेव्हा शेतात काय शिरलं ते तिथल्या लोकांना विचारा. आज बांधलेला संच २०५० नंतरही धूर सोडणार, त्यापेक्षा या संचांसाठी काढायचं कर्ज पंप्ड स्टोरेजसाठी (जादा वीज असताना पाणी वर चढवायचं, लागेल तेव्हा खाली सोडून वीज करायची) का नाही काढत?
– एक वीजग्राहक, नागपूर