पॅन काढले, ट्रॅप तसाच राहिला

संपादक महोदय,

स. न.

गुडघे वाकत नाहीत, शस्त्रक्रिया झालेली आहे, वय झाले आहे. कारण काहीही असो, जुन्या इमारतींमधल्या चिमुकल्या संडासात भारतीय बैठकीचे पॅन काढून कमोड बसवण्याचे काम आता घरोघरी निघते. जागा किती, तर राष्ट्रीय इमारत संहितेत स्वतंत्र संडासासाठी सांगितलेले किमान माप 1.1 चौरस मीटर आणि रुंदी 0.9 मीटर, म्हणजे साधारण 3 फूट बाय 4 फूट. पुष्कळ जुन्या संडासांत तेवढीही जागा सापडत नाही. अशा ठिकाणी इंचाची चूकही पदरात पडते, आणि खालच्या मजल्यावरच्या घरात ओल होऊन उतरते. या कामात वारंवार होणाऱ्या चुका वाचकांपुढे याव्यात म्हणून हे पत्र.

सर्वांत मोठी चूक फरशीखाली असल्यामुळे दिसत नाही. भारतीय पॅनला स्वतःचा पाणसाठा नसतो. दुर्गंधी अडवणारे दोन इंच पाणी पॅनखाली वेगळ्या बसवलेल्या ट्रॅपमध्ये, म्हणजे वाकवलेल्या पाइपच्या तुकड्यात, साठते. कमोडचा ट्रॅप मात्र त्याच्या मातीतच घडवलेला असतो. पॅन फोडून जुन्या ट्रॅपच्या तोंडावरच कमोड ठेवला की एका ओळीत दोन पाणसाठे तयार होतात आणि मधली हवा कोंडते. फ्लश केला की पाणी आधी काठापर्यंत चढते, क्षणभर थांबते आणि मग गुडगुड करत सावकाश उतरते. घाण पूर्ण जात नाही. घरच्यांना वाटते कमोड खराब निघाला, मग टाकी बदलली जाते, ॲसिड ओतले जाते, वेताची छडी घातली जाते. दोष यातल्या कशातच नसतो. जुना ट्रॅप उखडून बाहेर काढणे एवढाच त्यावर उपाय आहे. त्यासाठी फरशीखालचा भराव खोल फोडावा लागतो, एक-दोन दिवसांची मजुरी वाढते, म्हणून हे काम टाळले जाते. ‘अर्ध्या दिवसात बसवून देतो’ असे कोणी म्हणाले, तर ट्रॅप काढणार का, हे आधी विचारावे.

दुसरी गोष्ट मापांची. कमोड आधी आणि टेप नंतर, असा उलटा क्रम सर्रास दिसतो. एस ट्रॅप कमोडचे पाणी खाली जमिनीत जाते. त्यासाठी मागच्या भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंतचे अंतर लागते, आणि बाजारात ते प्रामुख्याने 4, 9 किंवा 12 इंचांचे मिळते. पी ट्रॅपचे तोंड मागे भिंतीकडे असते, तयार फरशीपासून त्याचा मध्य सुमारे 7 इंच उंच. हे अंतर नेहमी तयार टाइलपासून मोजावे. जुन्या टाइलवर नवी टाइल चिकटवणार असाल तर भिंत किमान अर्धा इंच पुढे येते, खाली सिमेंटचा थर दिला तर इंचभर. आज 9 इंच मोजले आणि टाइल नंतर लावली, तर कमोडची टाकी भिंतीला टेकते आणि तोंड पाइपवर येत नाही. मग गवंडी टाइल तासतो किंवा प्लंबर रबर ओढूनताणून बसवतो, आणि गळतीची सुरुवात तिथेच होते.

जुन्या वाड्यांत आणि चाळींत संडास खोलगट स्लॅबवर (पाइप मावावेत म्हणून खाली घेतलेल्या स्लॅबवर) नसून आठ-दहा इंचांच्या ओट्यावर असतो. त्या ओट्यावर कमोड चढवणे म्हणजे ज्याच्यासाठी काम काढले त्यालाच पायरी चढायला लावणे. ओटा काढून टाकावा. तिथला पाइप बहुधा भिंतीतूनच बाहेर गेलेला असतो, म्हणून अशा जागी पी ट्रॅप सोयीचा पडतो.

आता खोलीची लांबी. टाकीसकट एकसंध कमोड भिंतीपासून साधारण 26 ते 28 इंच पुढे येतो. चार फुटांतून तो वजा केला की पुढे 20-22 इंच उरतात. बसायला ते पुरतात. पण समोरच्या भिंतीतले 24 इंची दार आत उघडत असेल, तर दार फिरायला आणि माणसाला उभे राहायला तीच जागा लागते. दार लावण्यासाठी कमोडच्या कुशीत अंग चोरून उभे राहावे लागते. त्याहून गंभीर म्हणजे आत कोणी पडले तर त्याच्या अंगामुळे दार उघडतच नाही. ज्येष्ठांसाठी काम करत असाल तर बिजागऱ्या बदलून दार बाहेर उघडेल असे करा, नाहीतर सरकते दार लावा.

जागा वाचते म्हणून भिंतीवर टांगलेला कमोड सुचवला जातो. त्याचे भांडे 20-21 इंचांचेच असते हे खरे, पण भिंतीत लपणारी टाकी आणि तिची लोखंडी चौकट झाकायला 5-6 इंचांची पेटी बांधावी लागते. बेरीज पुन्हा 26 इंचांवर येते. चार इंची विटांच्या भिंतीत खाच मारून ती टाकी बसवू नये, भिंत कमकुवत होते. आमच्या मते लहान संडासाला सर्वांत योग्य म्हणजे सुटे भांडे आणि भिंतीवर वेगळी प्लास्टिकची टाकी. सगळे मिळून 22-23 इंचांत बसते आणि टाकीचे सुटे भाग कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. पाहायचे एवढेच, की झाकण उभे केल्यावर ते टेकून राहावे, पुढे पडू नये. खरेदीपूर्वी जुन्या वर्तमानपत्राची पाने चिकटवून कमोडच्या मापाचा आकार कापा आणि तो जमिनीवर भिंतीला लावून ठेवा. दोन्ही बाजूंना मध्यापासून भिंतीपर्यंत निदान 15 इंच हवेत. दार लावून आत उभे राहून बघा.

फोडकाम सुरू करण्याआधी वरच्या नळाचा कॉक बंद करावा. पॅन निघाले की पाइपच्या उघड्या तोंडात गोणपाटाचा बोळा घट्ट बसवावा. त्याला सुतळी बांधून तिचे टोक बाहेर खिळ्याला अडकवावे. हा बोळा विसरला तर राबीट उभ्या पाइपात पडते आणि तुंबते तळमजल्यावर. जुना पाइप बिडाचा असेल तर नव्या 110 मिमी पीव्हीसीला तो रबरी ॲडॉप्टरने जोडावा, सिमेंट थापून नव्हे. ॲस्बेस्टॉस सिमेंटचा जुना पाइप असेल तर त्यावर ग्राइंडर चालवू नये, ती धूळ फुप्फुसांना घातक असते. नव्या पाइपला फुटाला पाव इंच उतार हवा. काटकोनी वळण घेण्याऐवजी 45 अंशांचे दोन बेंड घ्यावेत.

खोलगट स्लॅबमधला भराव फोडताना जलरोधक थर कापला जातोच. तो पुन्हा केल्याशिवाय पुढे जाऊ नये. तळ साफ करून सिमेंट-पॉलिमरचे दोन हात एकमेकांना आडवे-उभे द्यावेत, भिंतीवर फूटभर चढवावेत, पाइपभोवती जास्त काळजीने. थर वाळल्यावर पाणी भरून 48 तास ठेवावे आणि खालच्या घरातल्यांना छत बघायला सांगावे. मगच भराव. भरावात फुटक्या टाइलचे धारदार तुकडे टाकू नयेत, ते थर चिरतात.

कमोड आधी कोरा ठेवून पाहावा. पाणसळ दोन्ही दिशांनी लावावी, पायाभोवती पेन्सिलीने रेघ मारावी. पाइप आणि कमोड यांच्या सांध्यात रबरी पॅन कनेक्टरच हवा. इथे पांढरे सिमेंट कोंबण्याची सवय फार जुनी आहे आणि फार नुकसान करते. माणूस बसतो-उठतो तेव्हा कमोड केसभर हलतो, सिमेंट हलत नाही, तडकते. कमोड सिमेंटच्या गादीत रुतवला तर पुढे तो न फोडता निघत नाही. बोल्ट प्लास्टिकच्या वॉशरसह दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आळीपाळीने आवळावेत. एकच बाजू जोर लावून आवळली की चिनीमाती चिरते. पायाभोवती सिलिकॉन लावताना मागच्या बाजूला दोन इंच जागा मोकळी ठेवावी, म्हणजे सांधा गळू लागला तर पाणी आधी आपल्याला दिसेल. सिलिकॉनला 24 तास द्यावेत.

टाकीबद्दल थोडेच. नव्या टाक्यांना 3 आणि 6 लिटरचे असे दोन फ्लश असतात. जुने भांडे 10 लिटर पाण्यासाठी घडवलेले असेल तर त्यावर नवी टाकी लावून भागत नाही, दोन्ही एकत्र बदलावीत. हाताला आधाराची दांडी लावायची असेल तर तिचे स्क्रू नुसत्या टाइलमध्ये नकोत, विटेत खोल गेले पाहिजेत.

विक्रेत्यांना एक विनंती. कमोड विकताना गिऱ्हाइकाला रंगाआधी भिंतीपासूनचे अंतर विचारा, आणि ट्रॅपचा प्रकार व ते अंतर बिलावर लिहून द्या. सहकारी गृहनिर्माण संस्थांनी अशा कामाला परवानगी देताना 48 तासांच्या पाणीचाचणीची अट घालावी आणि चाचणी झाल्यावर खालच्या सदनिकाधारकाची सही घ्यावी.

– एक नळकाम ठेकेदार, ठाणे