बाबा, पोरांना नाही म्हणू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

इथल्या ग्रॅम्बलिंग विद्यापीठातली शिकवण्याची नोकरी मी आणखी दोन वर्षांसाठी घेतली आहे. सहीसुद्धा झाली. ह्यूस्टनला पगार जास्त होता, मान्य. पण माझ्या वर्गातली कितीतरी मुलं घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली आहेत, त्यांना मध्येच सोडून जायला मन धजेना. बाबा, तुमची फुटबॉलची पोरं सोडून पुण्याला जायचं बोलावणं तुम्ही का नाकारलंत, ते आता कळतं. आई, तू रागावशील. पण जेवणाखाण्याचं सगळं नीट आहे गं. कांदा-लसूण चटणीची बरणी अजून अर्धी आहे, रोज पोळी-भाजी करते, आणि लुइझियानातली थंडी तुला वाटते तेवढी कडक नसते.

लिहायचं होतं ते मात्र वेगळंच. इथल्या स्टेडियमला एडी रॉबिन्सन यांचं नाव आहे. इथला फुटबॉल हातात घेऊन पळायचा, पण माणूस अगदी तुमच्या जातकुळीचा. आधी पशुखाद्याच्या गिरणीत कामगार. 1941 मध्ये, बाविसाव्या वर्षी, महिना 63.75 डॉलरवर इथे कोच म्हणून लागले. मैदानावरच्या रेघा स्वतः मारायचे, पोरांचे घोटे स्वतः बांधायचे. तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेतल्या हॉटेलांत त्यांच्या काळ्या पोरांना बसू देत नसत, म्हणून दौऱ्यावर निघताना सँडविच बांधून न्यायचे. सकाळी हातात घंटा घेऊन वसतिगृहात फिरायचे, वर्ग कुणाचा बुडू नये म्हणून. एकदा कापूस वेचणीसाठी घरच्यांनी पोरं ठेवून घेतली, तर हे अख्खा संघ घेऊन शेतात गेले, कापूस वेचून दिला आणि पोरं परत आणली!

408 सामने जिंकले, दोनशेच्या वर खेळाडू व्यावसायिक फुटबॉलमध्ये पाठवले. पण शेवटी संघ हरायला लागला आणि 1996 मध्ये त्यांनी पायउतार व्हावं म्हणून दबाव आला. तेव्हा जुने खेळाडू पाठीशी उभे राहिले, गव्हर्नरही त्यांच्या बाजूनं बोलले, आणि 1997 चा एक हंगाम त्यांना मानानं मिळाला. त्यांच्यानंतर संघ सांभाळायला आला तो त्यांचाच जुना खेळाडू डग विल्यम्स, सुपर बोल म्हणजे इथल्या फुटबॉलचा सर्वात मोठा अंतिम सामना जिंकणारा पहिला काळा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा गडी. नुसत्या विजयांसाठी इतकी माया कुणी करत नाही. ज्यानं आपल्या पोटाची आणि शिक्षणाची काळजी केली, त्याच्यासाठी माणसं धावतात.

पुढे त्यांना विसरण्याचा आजार जडला. बाबा, घाबरू नका, तुम्हाला तसलं काही आहे असं मी म्हणत नाही. चष्मा कुठे ठेवला हे मीही विसरते. पण शाहू स्टेडियमवरून घरी येताना तुम्ही वाट चुकलात, हे मला तुमच्या त्या जुन्या खेळाडूनं, डावऱ्या विंगरनं कळवलं. फोनवर त्याचा आवाज कापत होता. तुम्ही त्याला बूट घेऊन दिले होते आणि आपल्या घरी सांगताना 'कॉलेजनं दिले' म्हणाला होतात, हेही त्यानंच सांगितलं. मला कुठे माहीत होतं! मला आठवतात ते गच्चीवर वाळत घातलेले मोजे, आईनं परातभर केलेले पोहे, आणि सामन्याच्या गर्दीत तुमच्या खांद्यावर बसून तुमचे केस घट्ट धरलेली मी.

तर आता ऐका. मंगळवारी सकाळी अकराला डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तुमचा तो विंगर दहाला गाडी घेऊन येईल. 'कशाला त्रास' हे वाक्य काढायचं नाही, त्यानं रजा टाकली आहे. जुने रिपोर्ट कपाटातल्या पिवळ्या पिशवीत आहेत. आई, तूही सोबत जा, आणि त्याच्यापुढे पेट्रोलचे पैसे करू नकोस, त्याला लागेल. बाबा, खिशात घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवायची, संध्याकाळी एकट्यानं बाहेर पडायचं नाही. डॉक्टर काय म्हणाले ते लगेच फोन करून सांगा. इथे मध्यरात्र असली तरी चालेल.

तुमची,
छकुली