पासवर्ड म्हणजे सही नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नियंत्रित औषधांच्या चिठ्ठ्या यापुढे फक्त संगणकावर लिहिल्या जाव्यात, म्हणजे त्यांचा गैरवापर आपोआप थांबेल, हे आपल्या कालच्या अंकातील लेखाचे प्रतिपादन वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. रुग्णालयाच्या औषध विभागात तीस वर्षे काम करून मी निवृत्त झालो आणि त्यांतील बरीच वर्षे मॉर्फिनच्या, म्हणजे तीव्र वेदनेवरील अफूजन्य औषधाच्या, कपाटाची किल्ली व साठ्याची नोंदवही माझ्या ताब्यात होती. संगणकाला माझा विरोध नाही. डॉक्टरांचे अक्षर न लागल्यामुळे झालेल्या चुका मी पाहिल्या आहेत आणि छापील चिठ्ठीने त्या कमी होतात, हे मी स्वतः अनुभवले आहे. परंतु ‘आपोआप’ हा शब्द लिहिणाऱ्याने या औषधांचा हिशेब एक दिवससुद्धा ठेवलेला नसावा, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

काही वर्षांपूर्वी कर्करोगाच्या एका वृद्ध रुग्ण स्त्रीला दर चार तासांनी मॉर्फिनची १० मिलिग्रॅमची गोळी चालू होती. एका दुपारी तिच्याच नावाने संगणकावर ३० मिलिग्रॅमच्या गोळ्यांची मागणी आली. अशा रुग्णाची मात्रा वाढवावी लागते, परंतु ती टप्प्याटप्प्याने वाढवतात. एका दिवसात तिप्पट झालेली पाहून मी गोळ्या थांबवल्या आणि डॉक्टरांना फोन लावला. ते त्या दिवशी परगावी होते आणि फोन लागायला बराच वेळ गेला. आपण मात्रा बदललेलीच नाही, असे त्यांनी सांगितले. संगणकावर मात्र त्यांचेच नाव, त्यांचाच नोंदणी क्रमांक आणि त्याच दुपारची वेळ दिसत होती. चौकशी केल्यावर कळले की त्यांचा पासवर्ड कीबोर्डखाली चिकटवलेल्या कागदावर लिहिलेला असून तिन्ही पाळ्यांतील कर्मचारी तो वापरत असत. यात कोणाचा वाईट हेतू होता, असे मला आजही वाटत नाही. घाईत यादीतील खालची ओळ निवडली गेली असावी. पण ती कोणी निवडली, हे शेवटपर्यंत समजले नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने तेथे डॉक्टरांखेरीज कोणी बसलेलेच नव्हते.

खरा धक्का मला संध्याकाळी बसला. तोपर्यंत पडद्यावर १० मिलिग्रॅम असा आकडा आला होता आणि दुपारच्या ३०चा मागमूसही उरला नव्हता. कोणीतरी चूक दुरुस्त केली होती, म्हणजे जुना आकडा पुसून त्या जागी नवा भरला होता. आठ दिवसांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागण्यात आला, की १० मिलिग्रॅमची नियमित मागणी असताना आपण औषध देण्यास विलंब का केला? फोन लावण्याआधी मी खिडकीवरच्या वहीत मात्रा आणि वेळ शाईने लिहून ठेवली होती, म्हणून मी त्यातून सुटलो. ती रुग्ण मात्र तेवढा वेळ वेदनेने तळमळत राहिली आणि तिची मुलगी माझ्या खिडकीशी उभी राहून पुन्हा पुन्हा विचारत राहिली, याची नोंद कोणत्याही वहीत नाही. निर्णय बरोबर असूनही त्या विलंबाचे दुःख मला अजून होते.

कागदी नोंदवहीची शिस्त आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवली जात असे. पानांना क्रमांक असावेत, चूक झाल्यास तिच्यावर एकच रेघ मारावी, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही व तारीख घालावी आणि शिल्लक दर पाळीला दोघांनी मोजावी. संगणकावर नोंद करायची, तर तिला हीच शिस्त हवी. कोणी नोंद उघडली, कोणी बदलली, केव्हा बदलली आणि आधी काय होते, हे कायम राहिले पाहिजे आणि ते पुसण्याची सोय रुग्णालयाच्या व्यवस्थापकालाही नसली पाहिजे. जेथे ही व्यवस्था नाही, तेथे नोंदवही आहे असे म्हणू नये.

हे अव्यवहार्य आहे, असे कोणी म्हणेल, म्हणून अमेरिकेचे उदाहरण देतो. तेथील अंमली पदार्थविषयक यंत्रणेने ३१ मार्च २०१० रोजी प्रसिद्ध केलेल्या नियमांनुसार अशा औषधाच्या चिठ्ठीवर सही करताना डॉक्टरला तीनपैकी दोन पुरावे द्यावे लागतात: स्वतःला ठाऊक असलेला पासवर्ड, स्वतःजवळ असलेले एखादे साधन, किंवा बोटाच्या ठशासारखी शरीराची खूण. हे साधन ज्या संगणकावर चिठ्ठी लिहायची त्याहून वेगळे असावे लागते आणि ते दुसऱ्याच्या हाती देण्यास मनाई आहे. मदतनीसाने चिठ्ठी तयार करून ठेवली तर चालते. सही मात्र डॉक्टरनेच करायची. सहीचा अधिकार कोणाला द्यायचा, हेसुद्धा एकटा माणूस ठरवू शकत नाही, दोघे लागतात. सुरक्षेचा भंग आढळल्यास कामकाजाच्या एका दिवसात कळवावे लागते आणि नोंदी दोन वर्षे जपाव्या लागतात. आमच्या रुग्णालयात यांतील पहिली अट जरी असती, तरी कीबोर्डखालच्या त्या कागदाचा कोणाला काही उपयोग झाला नसता.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही, पण ते कागद समोर ठेवून लिहिलेले आहेत. औषध नियम, १९४५ (पूर्वीचे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) यांतील नियम ६५ प्रमाणे चिठ्ठी लेखी असावी, तिच्यावर डॉक्टरांची सही व तारीख असावी, आणि औषध देताना विक्रेत्याने सहीच्या वर आपले नाव, पत्ता व दिनांक लिहावा, म्हणजे तीच चिठ्ठी दुसऱ्या दुकानात चालत नाही. शेड्यूल एक्स या अधिक कडक नियंत्रणाच्या यादीतील औषधांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते व एक प्रत विक्रेत्याने दोन वर्षे ठेवायची असते. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या शेड्यूल एच१ या दुसऱ्या यादीतील औषधांसाठी स्वतंत्र रजिस्टर आहे, ज्यात डॉक्टर, रुग्ण, औषध आणि दिलेले प्रमाण लिहून ते तीन वर्षे जपावे लागते. आता याच यादीतील अल्प्राझोलाम या चिंता कमी करणाऱ्या औषधाची चिठ्ठी मोबाइलवर छायाचित्र म्हणून आली, तर विक्रेत्याने आपला शिक्का कोठे मारायचा? तेच छायाचित्र रुग्ण दहा दुकानांत दाखवू शकतो आणि दहाही रजिस्टरे नियमाप्रमाणे भरलेली असतील. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने विहित पद्धतीच्या इलेक्ट्रॉनिक सहीला हाताच्या सहीची मान्यता दिलेली आहे. पण छापलेले नाव किंवा चिकटवलेले सहीचे चित्र ही तशी सही नव्हे, हे किती डॉक्टर आणि किती विक्रेते जाणतात? टेलिमेडिसिनच्या मार्च २०२० मधील मार्गदर्शक तत्त्वांनी शेड्यूल एक्समधील आणि एनडीपीएस (अंमली व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ) कायद्याखालील औषधे दूरस्थ सल्ल्यावर लिहून देण्यास मनाई केली, ती या दुबळेपणाचा विचार करूनच केली असावी, असे मला वाटते. चिठ्ठी एकदा वापरली की ती सर्वत्र रद्द झालेली दिसेल, अशी सोय झाल्याशिवाय कागद बंद करण्याची घाई कोणी करू नये.

नोंदी जपण्याबद्दल तर लेखात एक ओळही नाही. औषधाच्या कपाटाला कुलूप असावे, हे सर्वांना पटते, पण संगणकप्रणाली पुरवणारी कंपनी बदलली की जुन्या नोंदी उघडतच नाहीत, हे आमच्याकडे प्रत्यक्ष घडले आहे. औषध निरीक्षक समोर बसलेले असताना ‘माहिती जुन्या सर्व्हरवर आहे’ हे उत्तर मला द्यावे लागले आणि ते देताना लाज वाटली.

आणखी एक तक्रार याच पत्रात नोंदवतो. लेखासोबत आपण सिरिंज आणि पांढऱ्या भुकटीचे चित्र छापले आणि मथळ्यात ‘ड्रग्ज’ हा शब्द वापरला. १९८५च्या एनडीपीएस कायद्यानंतर परवान्यांच्या धास्तीने कितीतरी रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले होते. २०१४च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक अंमली औषधे’ असा वेगळा वर्ग केला आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांचा मार्ग सोपा केला, तो वेदनेत असलेल्या माणसाला औषध मिळावे म्हणून. अशी चित्रे पाहून नातेवाईक घाबरतात, ‘आईला व्यसन लागेल’ म्हणत लिहून दिलेल्या गोळ्या निम्म्यावर आणतात, आणि त्यांना समजावण्यात आमचे तासचे तास जातात. पुढील अंकात आपण त्या चित्राबद्दल चार ओळींचा खुलासा छापावा, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माता