करिअरच्या पानावर डॉक्युमेंटरी एडिटिंगलाही जागा द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बारावीच्या निकालानंतर तुमच्या पेपरात करिअरची पुरवणी आली ती मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, कारण माझी भाची यंदाच बारावी झालीय. सिनेमावर अर्धं पान होतं, अभिनय, दिग्दर्शन, कॅमेरा सगळं होतं, एडिटिंगला मात्र एकच ओळ आणि डॉक्युमेंटरी हा शब्द तर कुठेच नाही. मी मूळची यवतमाळ जिल्ह्यातली, गेली 14 वर्षं पुण्यात हेच काम करतेय, घर यावरच चालतं, म्हणून लिहायला बसले.

मुळात हे काम काय असतं तेच लोकांना माहीत नसतं. फीचर फिल्मला स्क्रिप्ट असते, सीन ठरलेले असतात. डॉक्युमेंटरीत डायरेक्टर दोन-दोन वर्षं शूट करतो आणि हार्ड डिस्क आणून देतो, मागच्या फिल्मला माझ्याकडे 130 तासांचं फुटेज होतं आणि फिल्म करायची होती 70 मिनिटांची. गोष्ट कुठून सुरू करायची, कुणाला धरून पुढे जायचं, कुठे थांबायचं, यातलं बरंचसं एडिट टेबलवरच सापडतं. सिंक (चित्र आणि आवाज जुळवणं), लॉगिंग (फुटेजची नोंद), ट्रान्सक्रिप्ट (बोलणं लिहून काढणं), मग असेंब्ली (निवडलेले तुकडे ओळीने लावणं), रफ कट म्हणजे कच्ची जुळणी, फाइन कट म्हणजे बारीक जुळणी, आणि पिक्चर लॉक म्हणजे यापुढे कट बदलायचा नाही, यात सहा-आठ महिने सहज जातात.

आणि आपल्या खेड्यापाड्यातल्या मुलामुलींना जागा आहे ती इथेच. काही वर्षांपूर्वी कापूस शेतकऱ्यांवरची एक फिल्म माझ्याकडे दुरुस्तीला आली. त्यात एक बाई शेतात उभी राहून म्हणते, "झाली बाप्पा उलंगवाडी, आता कायचं काम." ट्रान्सक्रिप्ट बाहेरून करून घेतलेलं, त्यात उलंगवाडी हे गावाचं नाव म्हणून लिहिलेलं, आणि त्या बिचाऱ्या असिस्टंटने फुटेजमध्ये ते गाव शोधण्यात अख्खा दिवस घालवला होता. उलंगवाडी म्हणजे कापसाची शेवटची वेचणी होऊन हंगाम संपणं, हे आमच्याकडे शाळेतलं पोरगंही सांगेल. मी मूळ क्लिप उघडली तर ते वाक्य बोलून झाल्यावर ती बाई उभ्या पऱ्हाटीकडे, म्हणजे कापसाच्या झाडांकडे बघत 11 सेकंद गप्प राहते, आणि आधीच्या कटमध्ये नेमकं तेच उडवलेलं. ते मी परत लावलं आणि डायरेक्टर ते बघून कितीतरी वेळ काहीच बोलला नाही.

सांगायचं हे की वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, कोलामी, गोंडी समजणारा असिस्टंट एडिटर शोधताना आमची दमछाक होते. सॉफ्टवेअर ट्रान्सक्रिप्ट देतं पण बोलीत गेलं की सगळा घोटाळा होतो. ज्या बोलीची मुलांना कॉलेजात लाज वाटते तीच इथे कामाला येते.

शिकायचं म्हणाल तर पुण्याचं एफटीआयआय (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट) आणि कोलकात्याचं सत्यजित राय फिल्म इन्स्टिट्यूट, दोन्हीकडे एडिटिंगचा पदव्युत्तर कोर्स आहे, त्यासाठी कुठल्याही शाखेची पदवी चालते आणि प्रवेश परीक्षा असते, म्हणजे बारावीनंतर लगेच नाही, पालकांनी हे नीट समजून घ्यावं. पण तोपर्यंत हात बांधून बसायची गरज नाही. दा विंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, बऱ्यापैकी कॉम्प्युटर असला की पुरे. तालुक्याच्या फोटो स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ कापणारी मुलं तर सिंक आणि कट रोजच करतात, मी स्वतः त्यातला एक मुलगा असिस्टंट म्हणून घेतला आणि तो आज स्वतंत्र फिल्म्स करतो. मुंबईत 1990 पासून दर दोन वर्षांनी मिफ हा डॉक्युमेंटरी आणि शॉर्ट फिल्मचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो, तिथे जाऊन चार दिवस नुसत्या डॉक्युमेंटरीज बघाव्यात.

पैशाचं खरं सांगते, बांधलेला पगार क्वचितच. 1948 साली सुरू झालेली, सरकारसाठी डॉक्युमेंटरी करणारी फिल्म्स डिव्हिजन आता एनएफडीसीत (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात) विलीन झालीय, त्यामुळे सरकारी नोकरीची आशा धरू नये. बहुतेक काम फ्रीलान्स, संस्थांच्या फिल्म्स, ओटीटीच्या सिरीज, म्युझियम, आणि मधे गॅप आला की कॉर्पोरेट व्हिडिओ. माझे सुरुवातीला एका निर्मात्याने तीन महिन्यांचे पैसे बुडवले, कारण लेखी काहीच नव्हतं. तेव्हापासून आधी करार, थोडा अ‍ॅडव्हान्स, रफ कटला एक हप्ता, लॉकला उरलेले, आणि क्रेडिटमध्ये नाव कसं येणार ते पण लिहून घेते. हे कुठल्याच कोर्समध्ये मला कुणी शिकवलं नव्हतं.

तुम्हाला विनंती की पुढच्या पुरवणीत या कामावर नीट एक पान द्या, काम करणाऱ्या एडिटर आणि असिस्टंटशी बोलून. भाचीला मी सध्या एकच काम दिलंय, आजीची तासभर मुलाखत मोबाइलवर घे आणि ती 5 मिनिटांची करून दाखव. तिचा पहिला कट 22 मिनिटांचा झालाय आणि काय काढावं यावरून तिचं आणि आजीचं रोज भांडण चालू आहे.

आपली एक वाचक,
पुणे